गोठ्यातला बल्ब

कापूस घरात भरलेला असला की आमच्याकडे देवघरातली समईसुद्धा जपून लावतात. गेल्या जानेवारीत भाव पडलेला होता, इतक्यात विकायचा नाही असं ठरलं, म्हणून तिन्ही वेचण्यांचा कापूस मधल्या खोलीत आढ्यापर्यंत रचून ठेवला होता. चाळीस क्विंटलच्या आसपास. एका रात्री पाणी प्यायला उठले तर जळक्या रबराचा वास. कुठून येतो ते कळेना. अंधारात भिंतीवरच्या सागवानी पट्टीवरून हात फिरवत गेले. कापसाच्या खोलीच्या दाराशी पट्टी गरम लागली, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी.

मेन स्विच पाडला, ह्यांना उठवलं, आणि पहाटेपर्यंत आम्ही दोघं टॉर्चच्या उजेडात भिंतीजवळचा कापूस ओढून ओसरीवर टाकत होतो. साठी उलटलेल्या माणसांनी करायचं काम नव्हे ते. सकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काठी टेकत बाहेर आल्या आणि ओसरीभर पांढरंशुभ्र पाहून म्हणाल्या, "काय जी, कापूस उन्हात घातला का?" त्यांना खरं सांगितलं नाही. वय 86.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. घर मोठं म्हणजे खरोखर मोठं आहे. दोन चौक, ओसरी, माजघर, धान्याच्या दोन खोल्या, माडी, मागे विहीर आणि गोठा. 1968 साली घरात वीज आली. कुठल्या दिवशी कोणाला किती मजुरी दिली हे मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, वहीत आहे. त्या वेळच्या तारा, रबरी वेष्टनाच्या, सागवानी पट्ट्यांवर पत्र्याच्या क्लिपांनी ठोकलेल्या. नंतर कुठे पट्टीवर पट्टी चढली, कुठे प्लास्टिकचा पाइप आला, पण मूळ झाड तेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून वायरमन आला. आयटीआय केलेला, तिशीतला पोरगा. मेन स्विचसमोर बराच वेळ उभा राहिला.

"हे मेन स्विच हाय का म्युझियम, काकू?"

लोखंडी पेटी, बाजूला खटका, आत फ्यूज बसवायचे चिनी मातीचे दोन किटकॅट. त्यानं एक उपसून काढला आणि माझ्या हातावर ठेवला. फ्यूजची बारीक तार असायला हवी तिथे तांब्याच्या तारेचे चार-पाच धागे पिळून घातलेले होते. कोणी घातले? सगळ्यांनीच. मामाजींनी, दीरांनी, ह्यांनी. दर उन्हाळ्यात कूलर लागले की फ्यूज उडायचा, आणि दर वेळी एक धागा वाढायचा. फ्यूज उडण्यासाठीच असतो हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. घरातल्या पुरुषांची हुशारी तो उडू न देण्यात होती. मग फ्यूजच्या ऐवजी तापायचं काम तारेनं केलं, कापसाच्या दाराशी.

"कागद-पेन घ्या," तो म्हणाला. "आधी लोड काढू."

मला वाटलं पाच मिनिटांचं काम. दुपार गेली. प्रत्येक खोलीत जायचं, काय आहे ते लिहायचं, वॅट लिहायचे. मुलाच्या खोलीत दीड टनाचा एसी, तो पुण्याहून आला की वर्षातून आठ-दहा दिवस चालतो. गीझर 2000 वॅट. इंडक्शन 2000. विहिरीवरची दीड हॉर्सपॉवरची मोटर. घरगुती गिरणी एक हॉर्सपॉवर. तीन कूलर, फ्रिज, कपड्यांचं मशीन, मिक्सर, इस्त्री. बेरीज 11 किलोवॅटच्या वर गेली. 230 व्होल्टच्या एका फेजवर हे सगळं एकदम चाललं तर 48 अँपिअर होतात, आणि आमचा मेन स्विच 30 चा. एकदम सगळं चालत नाही हे खरं, पण मेच्या संध्याकाळी बरंचसं चालतंच.

मी 1987 साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा चौदा माणसं होती. अकरा बल्ब, बैठकीत एक पंखा, रेडिओ. सगळं मिळून 600 वॅटसुद्धा नव्हते. आता माणसं तीन. मी ते कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं आणि खोडलं, कारण त्याला ते लागणार नव्हतं.

मोरीत आलो तेव्हा माझ्या पायांकडे त्याचं लक्ष गेलं. मी दारातली रबरी चप्पल पायात सरकवून आत गेले होते.

"नळाले करंट येते का काकू?"

"कधीमधी. थोडा. संध्याकाळी जरा जास्त. आम्हाला सवय आहे."

त्यानं टेस्टर लावला. दुपारचे तीन वाजले होते, काही नाही. मी म्हटलं, असंच आहे त्याचं, मनात येईल तेव्हा येतो.

मोरीचा नळ हा आमच्या घरातला जुना वाद. माझ्या मोठ्या जाऊबाई सगळ्यात आधी बोलल्या, 1991 च्या सुमारास. संध्याकाळी भांडी घासायला बसल्या की म्हणायच्या, "मले नळाले हात लावला की झिनझिन होते जी." आत्याबाई म्हणायच्या, चौदा माणसांची भांडी पाहिली की कोणालाही झिणझिण होतं. जाऊबाई अमरावतीच्या, शहरातल्या, कॉलेजात गेलेल्या. नाजूक म्हणून त्यांचं नाव आधीच पडलेलं होतं. एकदा रडल्या तेव्हा मामाजी स्वतः मोरीत आले. दुपारची जेवणं झालेली. सगळ्यांसमोर त्यांनी ओला हात नळाला लावला, चांगला घट्ट धरला आणि म्हणाले, "कुठं हाय करंट? दाखव मले." करंट नव्हता. जाऊबाईंनीही हात लावला. काही झालं नाही. त्या दिवसापासून त्या पदराचं टोक हाताला गुंडाळून नळ सोडायच्या आणि बोलायच्या नाहीत.

मलाही कधी कधी लागायचं. मी चप्पल घातली. तेव्हा त्यांच्या बाजूनं काही बोलले नाही.

गोठ्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. जनावर कोणी नाही, ह्यांची मोटारसायकल आणि कडबा कुट्टीचं बंद मशीन. एक बल्ब. वायरमन म्हणाला, ही लाइन सध्या जुनीच राहू द्या, घराचं झालं की शेवटी पाहू.

वीज कंपनीच्या कार्यालयात थ्री फेजसाठी अर्ज केला. परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, फोटो, पावत्या. तिथल्या खेपांबद्दल लिहायला बसले तर हा लेख तिथेच संपेल. चंद्रपूरला 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, कोराडी आहे, खापरखेडा आहे, आणि आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस. राख विदर्भावर पडते. तरी भारनियमनाच्या वर्षांत आमच्या पोरांनी दहावीचा अभ्यास कंदिलावर केला. असो. एप्रिलच्या शेवटी खांबावरून चार तारांची केबल आली.

नवा बोर्ड कुठे लावायचा यावर वायरमनची आणि ह्यांची थोडी जुंपली. जुना ओसरीत होता, पश्चिमेच्या भिंतीवर, तिथेच नवा असावा असं ह्यांचं म्हणणं. वायरमन नाही म्हणाला. एमसीबी म्हणजे फ्यूजच्या जागी येणारा खटका. त्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते, करंट जास्त झाला की ती तापून वाकते आणि खटका पडतो. पण तिचं माप 30 अंशांवर धरलेलं असतं. आमच्याकडे मेमध्ये 45 असतं, आणि पश्चिमेची भिंत रात्री नऊपर्यंत तव्यासारखी. पट्टी बाहेरच्या उन्हानंच अर्धी तापून बसली तर ठरल्यापेक्षा कमी करंटवर पडेल, आणि मग तुम्हीच म्हणाल मोठा एमसीबी टाक. तांब्याचे धागे वाढवण्याचाच तो नवा प्रकार. ह्यांना हे पटलं, कारण ते सांगणाऱ्यानं त्यांच्या किटकॅटकडे बोट दाखवून सांगितलं. बोर्ड माजघराच्या आतल्या भिंतीवर गेला.

दोन दारांची पत्र्याची पेटी. वर चार पोलचा मेन, खाली तीन फेजचे तीन आरसीसीबी, त्यांच्याखाली एमसीबींच्या ओळी. दिव्या-पंख्यांना 6 अँपिअर, सॉकेटला 16, गीझर आणि एसीला 20. दिव्यांना दीड स्क्वेअरची तार, सॉकेटला अडीच, गीझरला चार. तिन्ही फेजवर घर वाटलं. एसी एकीवर, मोटर दुसरीवर, गीझर आणि गिरणी तिसरीवर. मी म्हटलं, ही आमच्या घराची दुसरी वाटणी. पहिली 1999 ची, तिच्यात एवढा हिशोब कोणी केला नव्हता.

आरसीसीबी म्हणजे काय ते त्यानं मला दोन वाक्यांत सांगितलं. फेजमधून जितकं गेलं तितकंच न्यूट्रलमधून परत आलं पाहिजे. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज दुसऱ्या कुठल्या वाटेनं, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत गेली, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद करणार. मला हे आवडलं. भाजीच्या हिशोबासारखं आहे, दिलेले आणि आलेले.

त्याच संध्याकाळी, पावणेसातला, खट. अर्धं घर अंधारात.

लावला, पुन्हा पडला. वायरमन मोटारसायकल काढून परत आला तोवर रात्र झाली होती, आणि तो आल्यावर आरसीसीबी शहाण्या पोरासारखा लागून राहिला. दुसऱ्या दिवशी दिवसभर त्यानं एकेक सर्किट सोडवून मेगर, म्हणजे तारेचं वेष्टन तपासायचं यंत्र, लावला. सगळं स्वच्छ. संध्याकाळी पावणेसातला, खट. शेजारचे भाऊजी आले, त्यांनी बोर्ड पाहिला आणि सल्ला दिला, "काढून टाका ना तो डबा, डायरेक्ट करा. आमच्याकडं तर तेच केलं." गावातल्या निम्म्या घरांत तेच केलेलं आहे. वायरमनच्याही चेहऱ्यावर तो विचार येऊन गेला असावा, दोन दिवस फुकट गेले होते त्याचे. मी म्हटलं, एक संध्याकाळ थांब, चहा घे आणि नुसता बस.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं माजघरात बसलो. दिवेलागण झाली. आत्याबाई देवाजवळ दिवा लावून उठल्या, काठी टेकत ओसरीवर गेल्या, आणि जुन्या बोर्डवरचं एकच काळं बटण खाली केलं. खट.

ते गोठ्याच्या बल्बचं बटण. गोठा कितीतरी वर्षं रिकामा आहे, पण त्या रोज संध्याकाळी तिथे उजेड करतात आणि झोपताना विझवतात. पहाटे उठल्या की पुन्हा. "गोठ्यात अंधार नाई ठेवू माय," इतकंच म्हणतात. आम्हाला ते इतकं पाठ झालेलं की दिसतच नव्हतं.

वायरमन बॅटरी घेऊन गोठ्यात गेला. गोठ्याच्या दिव्याची न्यूट्रल तार दारावरच्या वाशापर्यंत येऊन तुटलेली. तुटलेलं टोक गंजून काळं झालेलं. बल्बाच्या होल्डरमधून दुसरी तार निघालेली, ती कडबा कुट्टीच्या अर्थिंगच्या तारेला पिळून बांधलेली, वर पांढरी वैद्यकीय चिकटपट्टी. चिकटपट्टी पाहिल्यावर मला कळलं. मामाजींचा हात. सायकलच्या ट्यूबपासून चष्म्याच्या दांडीपर्यंत ते तीच वापरायचे. 1991 च्या जूनमध्ये वादळात गोठ्याचं छप्पर उडालं होतं आणि गाय अडलेली होती. त्या रात्री त्यांनी उजेड केला. वासरू जगलं. पुढे तार नीट जोडायची राहिली.

म्हणजे गोठ्याचा बल्ब तेहतीस-चौतीस वर्षं अर्थिंगवर जळत होता. वायरमन हिशोब करून दाखवायला लागला. जुना 40 वॅटचा बल्ब म्हणजे 174 मिलिअँपिअर, सगळे जमिनीत. आताचा 9 वॅटचा एलईडी धरला तरी 40 च्या पुढे. आरसीसीबीनं पडायचं नाही तर काय करायचं? त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

"पण काकू, जमिनीत जात असन तर ठीक. तुमची अर्थिंग जिती हाय का तेच पाहू."

खारपाणपट्ट्यात, पूर्णेकाठच्या या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, राहणाऱ्यांना सांगायला नको. इथली माती काळी, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. लोखंडी पाइपाला माती धरून राहत नाही. आणि खार. जुन्या रीतीनं अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, खारपाणात मीठ घालणं म्हणजे मिठागरात मीठ विकणं. विहिरीजवळचा खड्डा उकरला तेव्हा कमरेएवढ्या खोलीवर पाइप संपला. उरलेला भाग तपकिरी भुगा होता, बोटानं चुरगळला. घरातल्या सगळ्या अर्थिंगच्या तारा, फ्रिजची, मोटरची, मोटरच्या लोखंडी पाइपाला, म्हणजे पर्यायानं मोरीच्या नळालाही, बांधलेली, अशा भुग्यात येऊन थांबत होत्या. आणि गोठ्याचा बल्ब लागला की त्या सगळ्या तारांत त्याची वीज जमिनीत जायची वाट शोधत फिरायची.

त्यानं क्षणभर आरसीसीबीला वळसा घालून गोठ्याची लाइन चालू केली आणि मोरीत मल्टिमीटर धरला. एक टोक नळाला, एक ओल्या फरशीला. 19 व्होल्ट. बटण बंद, शून्य. चालू, 19. मग मीच माळ्यावरून एक जुना पिवळा बल्ब शोधून आणला, चाळीसचा. तो लावल्यावर आकडा पन्नासच्या वर गेला.

दुपारी काही नाही. संध्याकाळी येतो. पहाटे येतो. जाऊबाई अगदी तेच सांगत होत्या, वेळेसकट. मामाजींनी नळ धरून दाखवला तो दुपारी, गोठा अंधारात असताना. त्यांनी खोटेपणा केला नव्हता. त्यांच्या हाताला खरंच काही लागलं नव्हतं.

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले होते. वायरमन सामान आवरत होता, आणि सहज बोलावं तसं म्हणाला, "त्या गव्हाणीच्या लोखंडी पाइपाले गाय बांधत होते का जी तुमी? कुट्टीचं मशीन त्यालेच नटबोल्टनं कसलं हाय. गायीले आपल्यापेक्षा लय लवकर लागते. चार पाय ओल्यात असतात, दोन-चार व्होल्टानं बी ती उडते."

कपिली. त्याच रात्री व्यालेली. पहाटे दूध काढायला बसलं की लाथ मारायची, कासंडी उडवायची, साखळीला हिसके द्यायची. तिचे मागचे पाय बांधत. मामाजींनी तिला काठीनं मारलेलं मी पाहिलं आहे, आणि मामाजी जनावराला मारणारे नव्हते. चरायला सोडली की इतकी गरीब की माझा मुलगा तिच्या पोटाखालून इकडून तिकडे जायचा. घरी मारकी, रानात गरीब, हे सगळे बोलून दाखवायचे, नवल म्हणून. व्यायल्यावर तिनं अंगावर घेतलं असेल, कोणी दृष्ट लावली असेल. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली होती. 1996 ला ती विकली. कोणाला विकली हे मामाजींनी कधी सांगितलं नाही, आणि विकून आले त्या दिवशी जेवले नाहीत.

गायीला खरंच करंटच लागत होता की आणखी काही होतं, आता कोण सांगणार? पण मी वायरमनला दोनदा विचारलं, आणि त्यानं दोनदा तेच सांगितलं.

पुढचं काम पटकन झालं. तांब्याचा मुलामा दिलेले रॉड घेऊन दोन नवे खड्डे, ओल धरून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीचे. गोठ्याला नवी तार, न्यूट्रलसकट. दिवेलागणीला आत्याबाईंनी बटण दाबलं, बल्ब लागला, आणि माजघरातून काही आवाज आला नाही. त्यांना यातलं काही सांगितलं नाही. मामाजींचं नाव निघालं असतं.

जुना मेन स्विच वायरमन भंगारात घालणार होता, ह्यांनी ठेवून घेतला. कशाला, ते माहीत नाही.

पोळ्याला जाऊबाई आल्या. वाटणीनंतर त्या अमरावतीलाच राहतात, वर्षा-दोन वर्षांनी येतात. मी त्यांना फोनवर सांगणार होते, जमलं नव्हतं. पुरणाचा स्वयंपाक झाला, संध्याकाळी बैल पूजून झाले, भाड्याचे का होईना. उष्टी भांडी घेऊन त्या मोरीत गेल्या, मी मागून गेले. सगळं सांगितलं. बल्ब, चिकटपट्टी, तुटकी तार, पाइपाचा भुगा. मामाजींनी दुपारी हात लावला होता, तेही. त्या उभ्या राहून ऐकत होत्या. ओसरीवरून आत्याबाईंच्या काठीचा आवाज आला, आणि मागे गोठ्यात उजेड पडला.

"आता नाही येत, ताई," मी म्हटलं.

"हाव का," त्या म्हणाल्या. मग पदराचं टोक हाताला गुंडाळलं आणि नळ सोडला.